दात, पाणी आणि फ्ल्युओराइड

म्हैसूर शहराला पिण्याचे पाणी मिळते ते मुख्यतः कावेरी आणि कबिनी या नद्यांचे. शहराबाहेरच्या कोरडवाहू भागात मात्र अनेक गावांची तहान दीर्घकाळ विंधण विहिरींनी भागवली आहे. दोन्हीकडचे पाणी दिसायला सारखेच स्वच्छ असते. पण वाहत्या नदीच्या पाण्यात फ्ल्युओराइडचे प्रमाण बहुधा अल्प असते, तर खोल खडकातून उपसलेल्या पाण्यात ते पुष्कळदा नको इतके वाढलेले आढळते. शाळकरी मुलांच्या दातांचा विचार करताना या फरकापासूनच आरंभ करावा लागतो.

हा फरक पडतो खडकामुळे. दक्षिण कर्नाटकाचा पाया प्राचीन पट्टिताश्म आणि ग्रॅनाइट यांचा आहे. या खडकांतील अभ्रक, ॲपेटाइट यांसारख्या खनिजांत फ्ल्युओराइड असते. पावसाचे पाणी भेगांतून झिरपत खाली जाते आणि वर्षानुवर्षे या खनिजांच्या संगतीत राहते. त्या पाण्यात सोड्याचे क्षार अधिक व कॅल्शियम कमी असले, तर फ्ल्युओराइड अधिकच सुटते. विहीर जितकी खोल, तितका हा सहवास बहुधा दीर्घ. तरीही एका विंधण विहिरीवरून शेजारच्या विहिरीचा अंदाज बांधता येत नाही. एकाच गावातील दोन पंपांच्या पाण्यात लक्षणीय अंतर असू शकते.

दात किडण्याची क्रिया आता चांगली समजली आहे. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. हे आम्ल दातांवरील कठीण कवचातील, म्हणजे दंतवल्कातील, खनिज विरघळवते. लाळ ते खनिज हळूहळू परत बसवते. दिवसभर चालणाऱ्या या झीज-भरपाईत फ्ल्युओराइड भरपाईची बाजू घेते. त्याच्या सान्निध्यात पुन्हा बसलेले खनिज आम्लाला अधिक दाद देत नाही. पूर्वी असा समज होता की, फ्ल्युओराइड पोटात जाऊन, दात घडत असतानाच त्याला बळकट करते. आज तज्ज्ञ त्याचे मुख्य कार्य दातांच्या पृष्ठभागावर, तोंडातच, घडते असे मानतात. हा बदल महत्त्वाचा आहे, कारण लाभासाठी फ्ल्युओराइड गिळण्याची फारशी गरज उरत नाही.

अपाय मात्र गिळण्यानेच होतो. कायमच्या दातांचे कवच हिरडीखाली घडते ते जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत. या काळात जास्त फ्ल्युओराइड पोटात गेले, तर कवच नीट पक्व होत नाही. दात बाहेर येतात तेच खडूसारखे पांढुरके पट्टे घेऊन. पुढे त्यांवर पिवळा, तपकिरी रंग चढतो. विकार तीव्र असल्यास कवचाला खळगे पडतात, आणि अशा खळग्यांत अन्न अडकून दात किडूही शकतो. तेव्हा ‘डाग आहेत म्हणजे दात कीडमुक्त’ असे समजणे चूक ठरेल.

हे डाग अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्स येथे फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी पाहिले. त्यांचे कारण फ्ल्युओराइड आहे, हे 1931 साली रसायनतज्ज्ञ चर्चिल यांच्या पृथक्करणातून उघड झाले. पुढे ट्रेंडली डीन यांनी दाखवले की, एका लिटर पाण्यात सुमारे एक मिलिग्रॅम फ्ल्युओराइड असता कीड बरीच कमी होते आणि डाग क्वचितच उठून दिसतात. त्यावरून 1945 साली ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाण्यात ते मुद्दाम मिसळण्यात आले. आपल्याकडे शास्त्रज्ञांसमोर हा विषय आला तो उलट्या वाटेने: 1937 साली शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेल्लोर भागात फ्ल्युओराइडमुळे हाडे ताठरलेल्या माणसांचे वर्णन प्रसिद्ध केले.

डीन यांचा आकडा जसाच्या तसा उचलून चालत नाही. उष्ण प्रदेशात, उन्हात खेळणारे मूल पाणी अधिक पिते. एका लिटरात दोन मिलिग्रॅम फ्ल्युओराइड असलेले दीड लिटर पाणी पिणाऱ्या मुलाच्या पोटात तीन मिलिग्रॅम जाते. त्यात चहाची भर वेगळीच. भारतीय मानकाने म्हणूनच एक मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा धरली असून, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत सवलत दिली आहे.

डाग पडलेल्या मुलाला बहुधा ‘दात घासत नाहीस’ असे ऐकावे लागते. हा निव्वळ अन्याय आहे. म्हैसूरजवळचे नंजनगूड दंतमंजनासाठी प्रसिद्ध आहे. पण कवचाच्या आत असलेला रंग कोणत्याही मंजनाने निघत नाही, आणि विटकरीच्या भुकटीने घासल्यास कवच तेवढे झिजते. शिक्षकाला एक खूण उपयोगी पडेल. फ्ल्युओराइडचे डाग जबड्याच्या उजव्या व डाव्या बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे असतात. एकाच दातावरील डागाचे कारण बहुधा निराळे असते.

पाणी उकळून फ्ल्युओराइड जात नाही. पाणी आटल्याने ते उलट दाट होते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने 1970 च्या दशकात विकसित केलेल्या ‘नलगोंडा’ पद्धतीत तुरटी, चुना आणि विरंजक चूर्ण मिसळून ते साक्यात बसवले जाते. पद्धत स्वस्त आहे. परंतु तुरटीचे माप पाण्यागणिक बदलते आणि साका रोज काढावा लागतो. गावात ती टिकणे अवघड जाते ते येथेच. शक्य तेथे नदीचे पाणी नळाने आणणे, किंवा निदान लहान मुलांच्या पिण्यापुरते पावसाचे पाणी साठवणे, अधिक भरवशाचे.

नदीचे पाणी आले, की नवे डाग थांबतात. पण पाण्यातून दातांना मिळणारे थोडे संरक्षणही कमी होते, आणि बिस्किटे-गोळ्या तर खेड्यातही पोहोचल्या आहेत. तेथे फ्ल्युओराइडयुक्त टूथपेस्ट कामी येते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. घासताना मोठे माणूस जवळ हवे, आणि फेस गिळू न देता थुंकायला लावावा. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांमागे जी पहिली दाढ येते, ती कायमची असते. पालक तिला दुधाची समजून दुर्लक्ष करतात आणि बहुधा तीच आधी किडते.