बहिणीच्या चाबीला पितळेचा बिल्ला

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला आरोग्यसेविकेची नोकरी लागली, अहेरी तालुक्यात. तिने स्कूटीही घेतली. राखीला तिला बाजारातली की-चेन द्यायची नाही, धातूची आणि स्वतःच्या हाताने केलेली द्यायची आहे, तिचे नाव घालून. घरी पितळ वितळवून साच्यात ओतता येईल का? आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे असे काम कोणी करते का?
– एक वाचक, आरमोरी

उत्तर : की-चेन जरूर करा, पण पितळ घरी वितळवू नका. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ते साधारण ९०० ते ९४० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्यातले जस्त ९०७ अंशांनाच उकळू लागते. त्यामुळे पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. साच्यात थोडी जरी ओल राहिली, तरी तिची एकदम वाफ होऊन तापलेला रस अंगावर उडतो. ज्याच्या घरात भट्टी पिढ्यान्‌पिढ्या चालते, त्यानेच हे काम करावे.

तुम्हाला हवी ती वस्तू भट्टीवाचून होते, आणि तिची रीतही आपल्या घरातलीच आहे. आजीच्या फडताळातला एखादा पितळी गडवा उलटा करून पाहा. बुडाशी किंवा काठाखाली बारीक ठिपक्यांनी नाव घातलेले असेल : कोणी, कोणाला, कधी दिले. आहेराच्या भांड्यावर नाव घालून देण्याची ही चाल अजून टिकून आहे. फरक इतकाच, की भांड्यांच्या दुकानात आता विजेच्या थरथरत्या सुईने नाव घालतात, पूर्वी छिन्नी-हातोडीने एकेक ठिपका पाडत. किल्ल्या अडकवून कमरेला खोचायचा चांदीचा छल्ला हाही आपल्या बायकांचा जुनाच दागिना. म्हणजे तुमच्या मनात आलेली भेट अजिबात परकी नाही.

एक मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा घ्या. पाच सेंटिमीटर लांब, दोन सेंटिमीटर रुंद एवढा तुकडा पुरे. त्याचे वजन साडेआठ ग्रॅमच्या आसपास भरते, आणि दुचाकीच्या चाबीला एवढेच वजन बरे. पत्रा सोनाराच्या बारीक करवतीने कापा. पाते लावताना दाते खाली, मुठीकडे वळलेले हवेत, म्हणजे करवत खाली ओढताना कापते. पात्याला मेण चोळले की ते अडकत नाही आणि कमी तुटते. कोपरे कानशीने गोल करा, नाहीतर पर्सचे अस्तर आणि बोटे दोन्ही फाटतील.

भोक पाडण्याआधी त्या जागी खिळ्याने एक खळगा करा, म्हणजे ड्रिल घसरणार नाही. भोक काठापासून तीन मिलिमीटर तरी आत असू द्या. आणि पत्रा हातात धरून ड्रिल कधीही चालवू नका. पात्यात पितळ एकाएकी पकडले जाते आणि तुकडा गरकन फिरून बोट चिरतो. तो शिकंज्यात पक्का आवळूनच भोक पाडा.

आता नाव. बाजारात अक्षरांचे पोलादी ठसे मिळतात, ते बहुधा इंग्रजी अक्षरांचे. देवनागरीसाठी ठिपक्यांची जुनी रीतच उत्तम. आधी कागदावर नाव लिहा, अक्षर आठ-दहा मिलिमीटर उंच. जोडाक्षरांचे भारदस्त नाव असेल तर घरी हाक मारायचे नाव घ्या, ते वाचायला सोपे जाते आणि बहिणीला जवळचेही वाटेल. कागद डिंकाने पत्र्यावर चिकटवा, खाली सपाट लोखंड घ्या आणि टोक किंचित बोथट केलेल्या पोलादी खिळ्याने ओळीवर ठिपके पाडत जा. खिळा सरळ उभा हवा. हातोडी हलकी हवी आणि दर ठिपक्याला एकच ठोका. दुसरा ठोका मारला की ठिपका दुहेरी उठतो. दोन ठिपक्यांत मिलिमीटरभर अंतर ठेवा. आधी अक्षरे संपवा, शिरोरेषा शेवटी घ्या. एका रांगेत इतके ठिपके पडले की तेवढा पत्रा ताणला जातो आणि पट्टी धनुष्यासारखी वाकते. मग ती पालथी घालून लाकडी हातोडीने सरळ करा. आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर अख्खे नाव घालून पाहाल तर हात बसेल.

कागद धुऊन काढा, ठिपक्यांत काळा ऑइलपेंट भरा आणि लगेच फडक्याने वरचा पुसून घ्या. रंग वाळला की बारीक पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासा. अक्षरे काळी उठून दिसतात आणि भोवतीचे पितळ लखलखते. पुढे घामाने ते काळवंडेल, तेव्हा चिंच नाहीतर पितांबरी आहेच.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. ओतीव पितळेचे काम आपल्या शेजारीच आहे. बस्तरात कोंडागावचे घडवा कारागीर ढोकरा काम करतात. त्यांतले जयदेव बघेल यांचे नाव देशाबाहेरही पोचले. चंद्रपूरच्या दक्षिणेला जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या ओझा कारागिरांच्या ढोकरा कामाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळून आकार घडवायचा, वरून मातीचे थर चढवायचे, भट्टीत मेण वितळून निघाले की त्या पोकळीत पितळ ओतायचे, अशी ती पद्धत. साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही. म्हणून दोन नग तंतोतंत सारखे होत नाहीत.

इथे तुमच्या हाताला जागा आहे. मेणाचा नमुना तुम्ही करा, ओतकाम कारागिराकडून करून घ्या. मधाच्या पोळ्याचे मेण जंगलपट्ट्यातल्या आठवडी बाजारात विचारून पाहा. कोमट मेणाचे दोरे वळून त्यांचेच अक्षर करता येते, आणि मेणावर उमटलेली बोटाची रेघसुद्धा पितळेत तशीच उतरते. फक्त आधी मेणाचे वजन करा. पितळ मेणाच्या जवळपास नऊ पट जड असते. पाच ग्रॅमचा नमुना पंचेचाळीस ग्रॅमची की-चेन होऊन येईल आणि चाबीला ओझे होईल. दोन ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. त्याहून महत्त्वाचे, कारागिराला आधी भेटून विचारा आणि त्याच्या वेळेचा दाम घासाघीस न करता द्या. एका नगासाठीही त्याला साचा, माती, कोळसा सगळे लागतेच.

नक्षी हवी असेल तर सागाचे पान किंवा मोहाचे फूल छोट्या जागेत छान बसते. चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशींवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरला आहे. गोंड राजांचे ते चिन्ह मला फार आवडते, पण दोन सेंटिमीटरच्या पट्टीवर त्याचा गिचका होईल.

कडी मात्र विकतच घ्या, पोलादी आणि दुहेरी वेढ्याची. तांब्याच्या तारेची कडी रस्त्यांच्या खाचखळग्यांत उघडते आणि चाबी वाटेत पडते. मागच्या बाजूला हवा तर तुमचा स्वतःचा फोन नंबर घाला. घराचा पत्ता आणि गाडीचा नंबर घालू नका, कारण चाबी हरवली आणि नको त्याच्या हाती पडली, तर गाडी कुठे उभी आहे हेही त्याला त्याच बिल्ल्यावरून कळेल.