हातांत मावणारें खेळयंत्र व त्यांतील दुभाषी



गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांतील एक मुलगा शाळा सुटल्यावर माझ्याकडे आला. त्याच्या हातांत सोनी कंपनीचें 'प्लेस्टेशन पोर्टेबल', म्हणजे ज्याला सर्वजण पी. एस. पी. म्हणतात, तें खेळयंत्र होतें. मामांनीं आपलें जुनें यंत्र त्याला मोठ्या प्रेमानें दिलेलें. आतां त्याचा हिरवा दिवा लागे, परंतु पडदा काळाच राही. "सर, सांगितलेलें सगळें केलें, तरी हें बंद पडलें," एवढेंच तो म्हणाला, आणि त्याचा कंठ दाटून आला. चौकशी करतां कळलें कीं, यंत्राचें फर्मवेअर बदलण्याचें काम चालू असतां वीज गेली. बॅटरी जुनी असल्यामुळें ती क्षणभरहि टिकली नाहीं, व काम अर्धवट राहिलें. मुलानें कृति पाठ केली होती. तिचें कारण मात्र त्याला कोणीं सांगितलें नव्हतें, व त्यानेंहि तें विचारलें नव्हतें. तें कारण समजावून सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पी. एस. पी. हें यंत्र जपानांत १२ डिसेंबर २००४ रोजीं विक्रीस आलें, व २०१४ सालीं कंपनीनें त्याचा पुरवठा थांबविला. या यंत्रास दोन प्रकारची स्मृति असते. एक पाटीसारखी : यंत्र चालू असेपर्यंत तिच्यावर लिहावें, बंद होतांच सर्व पुसलें जावें. पहिल्या बनावटीच्या यंत्रांत ही स्मृति ३२ मेगाबाइट होती. दुसरी शिलालेखासारखी : वीज नसली तरी तिच्यावरील अक्षर जात नाहीं. यंत्राची कळ दाबतांच त्यानें प्रथम काय करावें, पडदा कसा उजळावा, बटणें कशीं ओळखावीं, या मूळ सूचना या दुसऱ्या स्मृतींत कोरलेल्या असतात. त्यांनाच फर्मवेअर म्हणतात. जुना लेख पुसून नवा कोरीत असतां हात मध्येंच थांबला, तर तेथें जुनाहि लेख राहत नाहीं व नवाहि पुरा होत नाहीं. आपल्या विद्यार्थ्याच्या यंत्राचें नेमकें हेंच झालें.

आतां फर्मवेअर बदलावें तरी कशाला? कंपनीच्या फर्मवेअरची अशी रीति आहे कीं, ज्या कार्यक्रमावर कंपनीची गुप्त मोहोर असेल तोच चालवावयाचा, इतरांस दारांतूनच परत लावावयाचें. त्यामुळें एखाद्या हौशी मनुष्यानें स्वतः रचलेला निरुपद्रवी खेळहि यंत्र नाकारतें. कस्टम फर्मवेअर म्हणजे त्याच मूळ सूचनांत कांहीं फेरफार करून ही अट शिथिल करणें होय.

सध्यां प्रचारांत असलेलें एआरके-४ हें कस्टम फर्मवेअर सामान्य रीतीनें बसविल्यास यंत्र चालू असेपर्यंतच लागू राहतें. यंत्र पूर्णपणें बंद केलें कीं तें जातें, व पुन्हां चालू करावें लागतें. हा त्रास वाटेल. परंतु यंत्र सुरू होण्याच्या मूळ सूचना बदलल्या जात नाहींत, म्हणून नवशिक्यास हाच मार्ग बरा. त्याचा क्रम असा :

प्रथम बॅटरी पाहावी. ती फुगलेली किंवा दुबळी असल्यास नवी घ्यावी. नंतर 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्यें फर्मवेअरचा क्रमांक पाहावा. तो ६.६० किंवा ६.६१ असावा. नसल्यास कंपनीचें ६.६१ हें शेवटचें फर्मवेअर आधीं बसवावें लागतें. हें काम मात्र शिलालेख कोरण्याचें आहे. म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली, वायर लावलेली, आणि मध्येंच कळ दाबण्याचा मोह आवरलेला असावा. मेमरी स्टिकवरील आपल्या खेळांच्या नोंदी संगणकावर उतरवून ठेवाव्यात. मग एआरके-४ च्या कर्त्यांनीं स्वतः प्रसिद्ध केलेल्या फाइली, त्यांनीं सांगितलेल्या फोल्डरांत, मेमरी स्टिकवर ठेवून 'गेम' या यादींतून चालवाव्यात. अनोळखी ठिकाणाहून आलेली फाइल घेऊं नये.

यानंतर एम्युलेटरची पाळी येते. १९३६ सालीं ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञानें दाखवून दिलें कीं, योग्य सूचना दिल्यास एकच यंत्र दुसऱ्या कोणत्याहि गणनयंत्राचें काम करूं शकेल. एम्युलेटर हें त्याच तत्त्वाचें घरगुती उदाहरण होय. निन्टेन्डो कंपनीचें २००१ सालचें 'गेम बॉय ॲडव्हान्स' घ्या. त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा, पी. एस. पी.चा एमआयपीएस जातीचा. एकाची भाषा दुसऱ्यास कळत नाहीं. एम्युलेटर हा या दोघांमधील दुभाषी.

साधा दुभाषी प्रत्येक वाक्य ऐकतो व लगेच भाषांतर करून सांगतो. तेंच वाक्य शंभरदां आलें तर शंभरदां भाषांतर करतो. 'जीपीएसपी' नांवाचा एम्युलेटर अधिक हुशार आहे. तो सूचनांचा एक संपूर्ण भाग एकदां भाषांतरित करून स्मृतींत ठेवतो, व पुन्हां लागला कीं तयार भाषांतर पुढें करतो. शिवाय मूळ यंत्राचा पडदा व आवाज यांचीहि नक्कल त्याला करावी लागते. म्हणूनच सुमारें १६.८ मेगाहर्ट्झच्या यंत्राचें सोंग वठविण्यास ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत चालणारें यंत्र उपयोगी पडतें.

येथें पालकांनीं व मुलांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दुभाषी ठेवणें हा गुन्हा नव्हे. परक्याचें पुस्तक चोरून त्याच्या हातीं देणें हा गुन्हा आहे. खेळ बंद पडलेल्या यंत्राचा असला, दुकानांत मिळत नसला, तरी त्यावरील कर्त्याचा हक्क संपत नाहीं. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें ५२ वें कलम, संगणक-कार्यक्रमाची प्रत ज्याच्याजवळ कायदेशीरपणें आहे त्याला, ती हरवण्या-बिघडण्याच्या भयास्तव जपणुकीची प्रत करूं देतें. इंटरनेटवरून शेंकडों खेळ फुकट उतरविण्यास त्यांत आधार नाहीं. ज्यांच्या कर्त्यांनीं स्वखुषीनें सर्वांस वाटले आहेत असे खेळहि आहेत. आरंभ त्यांनीं करावा.

आतां त्या मुलाच्या यंत्राविषयीं. तें पहिल्या बनावटीचें होतें, हें सुदैव. २००७ सालीं हौशी मंडळींनीं 'पँडोराची बॅटरी' नांवाची युक्ति काढली. पी. एस. पी.च्या बॅटरींत एक लहान चिप असते व तींत तिचा क्रमांक असतो. तो क्रमांक बदलून एक विशिष्ट क्रमांक घातला, तर यंत्रास वाटतें कीं आपण कारखान्यांत दुरुस्तीस आलों आहों, आणि तें बिघडलेला शिलालेख न वाचतां मेमरी स्टिकवरील सूचना वाचतें. पहिल्या व दुसऱ्या बनावटीच्या पुष्कळ यंत्रांस हा उपाय लागू पडतो. नंतरच्या यंत्रांस ही बॅटरी चालत नाहीं. ओळखीच्या एका कारागिराजवळ तशी बॅटरी निघाली, आणि तिसऱ्या दिवशीं पडदा उजळला.

पुढच्या आठवड्यांत त्या मुलानें मला आपली वही दाखविली. पानाच्या डाव्या बाजूस एकेक कृति लिहिली होती, उजव्या बाजूस तिचें कारण. एका कृतीपुढें जागा कोरी होती. मीं विचारलें, "ही केलीस का?" तो म्हणाला, "नाहीं सर, कारण अजून कळलें नाहीं."

मीं त्याची पाठ थोपटली, व आम्ही दोघे तें कारण शोधावयास बसलों.