विद्यापीठातली नोकरी: सवलती कोणत्या, कपात किती, अर्ज कुठे

विद्यापीठात नोकरी लागली की पगार किती, हे सगळे विचारतात. कपातीच्या रकान्यात काय आहे, हे मात्र बहुतेक जण घरात आजारपण निघाल्यावर पहिल्यांदा बघतात. यातल्या बऱ्याच सवलतींचे पैसे तुमच्याच पगारातून जातात, पण अर्ज केल्याशिवाय त्या पदरात पडत नाहीत. अर्जाला मुदत असते, कागद लागतात आणि कुठे ना कुठे छुपा खर्च असतो. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि कॉलेजांत काम करणाऱ्यांसाठी हा हिशेब.

आधी तुमचा गट ओळखा

एकाच इमारतीत शेजारी बसणाऱ्या दोघांना वेगळे नियम लागू असू शकतात. नियुक्तीपत्र काढा आणि तीन गोष्टी बघा: पद मंजूर आणि अनुदानित आहे का, नेमणूक कायम, करार की तासिका तत्त्वावर आहे, आणि पगार कोण देतं, विद्यापीठ, संस्था की एजन्सी.

सार्वजनिक विद्यापीठ किंवा अनुदानित कॉलेजातल्या मंजूर पदावर असाल, तर शासनाचे आणि यूजीसीचे नियम. खासगी विद्यापीठात असाल, तर पीएफ, ग्रॅच्युइटी आणि संस्थेचं स्वतःचं धोरण. सुरक्षा, सफाई किंवा डेटा एंट्रीसाठी एजन्सीमार्फत आला असाल, तर तुमचा पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) भरणं एजन्सीचं काम आहे. एजन्सी चुकली, तर मुख्य मालक म्हणून विद्यापीठाकडे तक्रार करता येते.

तासिका तत्त्वावर असाल, तर पगारी रजा आणि विमा यांची आशा सहसा धरू नका. पण नियुक्ती आदेश, घेतलेल्या तासांची नोंद आणि विभागप्रमुखांची सही दर महिन्याला जपून ठेवा. बिल अडकलं की तेवढंच कामी येतं. अनुभवाचा दाखलाही त्यावरच मिळतो.

पहिल्या महिन्यात ही कामं उरका

आस्थापना विभागात जा. आधार, पॅन, बँक पासबुक, जन्मतारखेचा पुरावा, शैक्षणिक कागद, आधीच्या नोकरीचा यूएएन (पीएफचा क्रमांक) किंवा प्राण (एनपीएसचा क्रमांक) आणि कुटुंबाचे आधार सोबत न्या. नावाचं स्पेलिंग आधार, पॅन आणि बँकेत एकच आहे का ते आत्ताच बघा. एका अक्षराच्या फरकामुळे पीएफचा दावा परत येतो.

नॉमिनेशन तीन ठिकाणी करायचं: पीएफ किंवा एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), ग्रॅच्युइटी आणि गट विमा. एका ठिकाणी केलेलं दुसरीकडे चालत नाही. लग्नाआधी पीएफला केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर आपोआप रद्द होतं. तेव्हा वडिलांचं किंवा भावाचं नाव तसंच राहिलं असेल, तर आज बदला. ई-नॉमिनेशन ऑनलाइन होतं, फी नाही.

अर्ज कुठलाही असो, दोन प्रती न्या. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का नसेल, तर अर्ज दिल्याचा पुरावाच राहत नाही.

कपात: किती आणि कशाची

व्यवसाय कर: महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. तरीही कापला जात असेल, तर लेखा विभागाला लेखी विचारा.

एनपीएस: १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना. तुमचे मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के, सरकारचे १४ टक्के. तुमचा हिस्सा कापला गेला म्हणजे दोन्ही हिस्से खात्यात पोचले, असं समजू नका. दर तिमाहीला प्राण खात्याचं विवरण उघडा आणि महिना महिना जुळवा. जो महिना गाळला गेला, त्यावरची वाढही गेली.

पीएफ: तुमचे १२ टक्के, संस्थेचे १२ टक्के. अनेक संस्था १५,००० रुपये पगार धरून महिना १,८०० रुपयेच भरतात. संस्थेच्या हिश्शातले जास्तीत जास्त १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात. ती पेन्शन मिळायला १० वर्षं सेवा लागते. नोकरी बदलली की पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. पाच वर्षांच्या आत ५०,००० किंवा त्याहून जास्त काढलेत, तर पॅन असूनही १० टक्के टीडीएस कापला जातो.

ईएसआय: महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना. तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. एवढ्यात कुटुंबासह उपचार मिळतात. शिवाय आजारपणाच्या रजेत ७० टक्के पगार, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. कपात होते पण कार्ड मिळालेलं नाही, ही नेहमीची तक्रार. एजन्सीकडे विमा क्रमांक मागा, तो पहिल्या महिन्यातच मिळायला हवा.

खासगी विद्यापीठाची ऑफर घेताना वर्षाच्या पॅकेजचा आकडा फोडून मागा. त्यात संस्थेचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ताही धरलेला असतो. हातात येणारी रक्कम वेगळीच निघते.

गट आरोग्य विमा: पाच प्रश्न

पॉलिसीची रक्कम ऐकून गप्प बसू नका. विचारा: आईवडील धरले आहेत का, आणि त्यांचा हप्ता कोण भरतं? खोलीभाड्याला मर्यादा किती? तुमचा वाटा, म्हणजे को-पे किती टक्के? जुन्या आजारांना थांबायचा काळ आहे का? नोकरी सुटल्यावर काय?

खरा फटका खोलीभाड्यात बसतो. समजा ३ लाखांचा विमा आहे आणि खोलीभाडं दिवसाला १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. तुम्ही ६,००० ची खोली घेतली, चार दिवस राहिलात. बिल झालं १,२०,०००: खोली २४,०००, डॉक्टर, शस्त्रक्रिया आणि नर्सिंग ८०,०००, औषधं आणि तपासण्या १६,०००. तुम्हाला वाटतं, जादा भाड्याचे १२,०००च भरायचे. पण खोली दुप्पट भाड्याची म्हणून डॉक्टर-शस्त्रक्रियेचा खर्चही निम्माच मंजूर होतो. औषधं आणि तपासण्या या कात्रीतून सुटतात. विमा देतो ६८,०००, तुमच्या खिशातून ५२,०००. दाखल होताना काउंटरवर एकच वाक्य बोला: “पॉलिसीच्या मर्यादेतलीच खोली द्या.”

हातमोजे, मास्क, नोंदणी शुल्क अशा किरकोळ बाबी बहुतेक पॉलिसीत बसत नाहीत. त्यांची बेरीज हजारांत जाते. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर टीपीएला (विमा कंपनीतर्फे दावे हाताळणाऱ्या संस्थेला) आधी कळवा, तातडीचं असेल तर दाखल झाल्यावर लगेच. मुदत पॉलिसीत लिहिलेली असते. कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यावा, असा विमा नियामकाचा २०२४ चा नियम आहे. हॉस्पिटल “उद्या बघू” म्हणालं, तर हा नियम दाखवा.

नोकरीच्या विम्यावरच विसंबू नका, तो नोकरीबरोबर संपतो. स्वतःची छोटी पॉलिसी वेगळी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. गट विम्यावर मात्र १८ टक्के आहे. आईवडिलांचा जादा हप्ता तुम्हीच भरणार असाल, तर दोन्हींची तुलना जीएसटी धरून करा.

रजा: हक्काच्या, पण मागितल्या तर

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत शिक्षकांना वर्षाला ८ किरकोळ रजा, १० विशेष किरकोळ रजा आणि ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजा आहे. वैद्यकीय दाखल्यावर किंवा खासगी कामासाठी दर पूर्ण वर्षामागे २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते. सुट्टीत परीक्षेच्या किंवा प्रवेशाच्या कामाला बोलावलं, तर त्या दिवसांच्या एक तृतीयांश अर्जित रजा जमा होते. पण त्यासाठी लेखी आदेश हवा. “सर, जरा येऊन जा” या फोनवर रजा जमा होत नाही.

प्रसूती रजा १८० दिवस, सेवाकाळात दोनदा. पितृत्व रजा १५ दिवस. खासगी संस्थेत पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा, अट एवढीच की आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. करारावर असाल तरी हक्क सुटत नाही. प्रसूतीच्या लाभांचा काळ कराराच्या मुदतीपलीकडे गेला तरी ते द्यावे लागतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं.

वर्षातून एकदा सेवापुस्तक मागून बघा. शिल्लक रजा, वेतनवाढ आणि नावं तपासा, नोंदीखाली सही करा. निवृत्तीच्या तोंडावर चूक सापडली, तर ती दुरुस्त करता करता पेन्शन लांबते.

पतसंस्था: सोयीची, पण डोळे उघडे ठेवून

कर्मचारी पतसंस्थेत कर्ज लवकर मिळतं: अर्ज, पगारपत्रक, दोन जामीनदार, पगारातून हप्ता. व्याजाचा दर विचारताना पुढचा प्रश्न विचारा: सरसकट की घटत्या शिलकीवर? १ लाख रुपये, १० टक्के, तीन वर्षं. सरसकट दराने हप्ता ३,६११ आणि व्याज ३०,०००. घटत्या दराने हप्ता ३,२२७ आणि व्याज साधारण १६,०००. दर तोच, फरक चौदा हजारांचा.

कर्जातून शेअर्ससाठी किती कापणार, प्रक्रिया शुल्क किती, विमा सक्तीचा आहे का आणि मुदतीआधी फेडलं तर दंड काय, हेही विचारा. लाभांश कायद्याने १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. बँकेतल्या ठेवींना असलेलं ५ लाखांचं विमा संरक्षण पतसंस्थेतल्या ठेवींना नाही, म्हणून सगळी पुंजी तिथे ठेवू नका. आणि जामीन राहताना मैत्री बाजूला ठेवा. सहकाऱ्याने हप्ते थकवले, तर कपात तुमच्या पगारातून होते.

मन, शरीर आणि तपासण्या

विद्यापीठात समुपदेशन केंद्र असेल, तर ते कर्मचाऱ्यांसाठी आहे की फक्त विद्यार्थ्यांसाठी, हे आधी विचारा. मग विचारा: नोंद कुठे राहते, कोण बघतं, कामाच्या वेळेत जाता येतं का? कॅम्पसमध्ये कुणी बघेल अशी धास्ती असेल, तर १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. मानसिक आजारालाही आरोग्य विम्याचं संरक्षण शारीरिक आजारासारखंच द्यावं, असं २०१७ चा कायदा सांगतो. तुमच्या पॉलिसीत ते कलम शोधा.

वार्षिक आरोग्य तपासणीत कोणत्या चाचण्या फुकट आणि कोणत्यांचे पैसे, हे रक्त देण्याआधी विचारा. मोफत शिबिरातून महागड्या पॅकेजकडे वळवणं नेहमीचं आहे. जिम किंवा पोहण्याच्या तलावाला कर्मचारी दर विचारा, अनामत कधी परत मिळते ते विचारा आणि पावती घ्या. सुट्टीत तलाव बंद असेल, तर वार्षिकपेक्षा तिमाही शुल्क परवडतं.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला, तर अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरच्या महिलांनाही हा हक्क आहे.

सहल, वर्गणी, स्पर्धा

गणपती, निरोप समारंभ, दिवाळीचा फराळ, महिला दिन: वर्गणी ऐच्छिक असते. लेखी संमतीशिवाय ती पगारातून कापता येत नाही. कापली गेली असेल, तर लेखा विभागाकडे तुमची संमती मागा. सहलीचे पैसे भरताना बस, जेवण, प्रवेश शुल्क आणि रद्द केल्यास परतावा, हे चार मुद्दे लिहून घ्या. क्रीडा किंवा सांस्कृतिक स्पर्धेला निघताना विशेष किरकोळ रजेचा आदेश आधी काढा. परत आल्यावर अर्ज केलात, तर ते दिवस किरकोळ रजेत धरले जातील.

सोडताना आणि अडल्यावर

ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सेवा लागते. मुदतबंद करारावर असाल, तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक वर्ष पुरतं. हिशेब सोपा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ५२,००० पगार आणि १० वर्षं सेवा असेल, तर ३ लाख रुपये. अर्ज ३० दिवसांत करा. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. संस्थेने ३० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर व्याज लागू होतं. तक्रार कामगार आयुक्त कार्यालयात करा. राजीनाम्याआधी ग्रंथालय, पतसंस्था, संगणक विभाग आणि वसतिगृहाचे नो ड्यूज गोळा करा. एक सही राहिली, तरी शेवटचा पगार अडकतो.

सार्वजनिक विद्यापीठात कागद मिळत नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपये, ३० दिवस. विमा दावा नाकारला, तर आधी कंपनीकडे तक्रार. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी शून्य. पीएफ अडकला, तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर लिहा.

“साहेब ओळखीचे आहेत, टक्केवारीत काम करून देतो” म्हणणारा एजंट भेटेलच. पीएफ काढणं, नॉमिनेशन, ईएसआय कार्ड, ग्रॅच्युइटीचा अर्ज, यांपैकी कशालाही सरकारी फी नाही. त्याला तुमचा ओटीपी देऊ नका, टक्केवारीही देऊ नका.