बेल वाजण्याआधीचं काम

मी कोल्हापुरात जनसंवाद शिकणाऱ्या मुलांना संकलन शिकवते. शेवटच्या सत्रात प्रत्येक गटाला एक लघुपट करावा लागतो, आणि त्याच्याबरोबर दोन गोष्टी द्याव्या लागतात : आधीच्या नियोजनाची फाईल आणि नंतरचा मूल्यमापन अहवाल. बहुतेक गट थ्रिलर निवडतात. एक घर, दोन-तीन पात्रं, एक रात्र. सेट नको, गर्दी नको, जरीची साडी नको. खर्चाच्या बाजूने हा विचार योग्यच आहे. राम गोपाल वर्मांचा १९९९ सालचा ‘कौन’ असाच एका घरात, पावसाळी रात्री, मोजक्या पात्रांत उभा राहिला. यश चोप्रांनी ‘इत्तेफाक’ १९६९ साली एकही गाणं न घालता केला होता. तेव्हा मुलांना हा प्रकार आपल्या आवाक्यातला वाटला तर त्यात नवल नाही.

नियोजनाच्या फाईलमध्ये मात्र मला दरवर्षी तेच दिसतं. लोकेशनचे फोटो, कॅमेऱ्याची यादी, पोस्टरचा नमुना आणि शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत ट्विस्ट. प्रेक्षकाबद्दल त्या फाईलमध्ये एक शब्द नसतो. थ्रिलर फसतो तो इथे. शूटिंग सुरू व्हायच्या कितीतरी आधी.

मध्यंतरी एका गटाने केलेली फिल्म सांगते. पावसाळी रात्र, फ्लॅटमध्ये मुलगी एकटी, भाऊ यायला उशीर आहे. एक डिलिव्हरीवाला पुन्हा पुन्हा बेल वाजवतो. तिने काहीच मागवलेलं नाही, म्हणून ती दार उघडत नाही. शेवटी कळतं की तो बिचारा तिला सावध करायला आलेला असतो, कारण तिच्या बाल्कनीतून कुणीतरी आत शिरताना त्याने खालून पाहिलेलं असतं. घुसलेला माणूस कपाटामागून बाहेर येतो आणि फिल्म संपते. कल्पना खरंच चांगली होती. गटाने मेहनत घेतली होती, मुलीचं काम नैसर्गिक होतं, प्रकाशयोजना तर माझ्या अपेक्षेपेक्षा सरस.

सभागृहात दाखवली तेव्हा कपाटामागून माणूस आला आणि मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. दिग्दर्शन करणारी मुलगी माझ्या शेजारीच बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. “मॅडम, यात हसण्यासारखं काय होतं हो?” तिने विचारलं.

हसण्यासारखं काहीच नव्हतं. पण घरात कुणी आहे हे त्या क्षणापर्यंत प्रेक्षकाला माहीतच नव्हतं. आठ-नऊ मिनिटं त्याने फक्त बेल ऐकली होती, आणि तिसऱ्या बेलनंतर त्याला भीती नाही, कंटाळा आला होता. कंटाळलेल्या माणसापुढे अचानक कुणी उडी मारली की तो दचकतो आणि हसून मोकळा होतो.

हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला १९६२ साली दिलेल्या दीर्घ मुलाखतीत हाच मुद्दा टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण घेऊन समजावला होता. दोन माणसं बोलत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला आणि मग ती माणसं तशीच गप्पा मारत राहिली, तर पंधरा मिनिटं त्याचा जीव टांगणीला लागतो. गप्पा त्याच, टेबल तेच. फरक फक्त प्रेक्षकाला काय ठाऊक आहे याचा. हे उदाहरण मुलांना पाठ असतं, परीक्षेत ती ते लिहितातही. स्वतःच्या पटकथेला मात्र लावून पाहत नाहीत.

म्हणून आता मी कुठल्याही गटाला शूटिंगला सोडण्यापूर्वी एक तक्ता करायला लावते. डाव्या कडेला फिल्मची मिनिटं लिहायची. पुढे तीन रकाने : या क्षणी पात्राला काय माहीत आहे, प्रेक्षकाला काय माहीत आहे, आणि प्रेक्षकाचा काय गैरसमज व्हायला हवा आहे. तिसरा रकाना सगळ्यांत अवघड. तो कोरा राहिला तर फिल्म अजून सुचलेलीच नाही असं समजा. पहिले दोन रकाने सलग चार-पाच मिनिटं सारखेच भरले जात असतील, तर तेवढा वेळ प्रेक्षक खुर्चीत नुसता बसून राहणार आहे.

त्या गटाबरोबर बसून आम्ही असा तक्ता मागाहून भरला. दुसरा रकाना जवळजवळ शेवटपर्यंत रिकामा निघाला. मग त्यांनी एकच शॉट नव्याने घेतला. हॉलमधल्या फरशीवर ओल्या चपलांचे दोन ठसे, बाल्कनीकडून आत येणारे. भर दुपारी पडदे ओढून, त्याच फरशीवर, मगभर पाणी घेऊन. मुलगी पाठमोरी सोफ्यावर बसलेली, तिचं लक्ष दाराकडे. हा शॉट दुसऱ्या आणि तिसऱ्या बेलच्या मध्ये घातला. बाकी काही बदललं नाही. पण त्यानंतरची प्रत्येक बेल वेगळी ऐकू येऊ लागली. आता प्रेक्षकाला ठाऊक होतं की कडी लावलेलं दार तिला वाचवणार नाही, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. नवा कट दुसऱ्या वर्गाला दाखवला. कपाटामागून माणूस येण्यापूर्वीच दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने पाय खुर्चीवर घेतले होते. हसलं कुणीच नाही.

सुजॉय घोष यांची ‘अहल्या’ ही २०१५ सालची बंगाली शॉर्टफिल्म साधारण चौदा मिनिटांची आहे. ती मी मुलांना तक्ता हातात देऊनच पाहायला सांगते. पोलीस अधिकारी त्या घरात येतो तेव्हाच बाहुल्या आपल्यासमोर मांडलेल्या असतात. काहीही लपवलेलं नाही, फक्त आपल्याला त्यांचा अर्थ लागलेला नाही. ट्विस्ट असा आधीपासून चित्रात असावा लागतो. शेवटच्या मिनिटाला बाहेरून आणलेला ट्विस्ट, मग ते स्वप्न निघो की वेडाचा झटका, प्रेक्षकाला फसवणूक वाटते. आणि ते त्याचं बरोबरच असतं.

वेळेच्या नियोजनाचं एक सांगायलाच हवं. मुलं दिवसभर साधे प्रसंग चित्रित करतात आणि कळसाचा प्रसंग रात्री दोन वाजता, सगळे पेंगत असताना, हाती उरलेल्या तासाभरात उरकतात. ‘सायको’मधल्या न्हाणीघरातल्या हत्येला, पडद्यावर जेमतेम काही क्षणांच्या त्या प्रसंगाला, हिचकॉकने सात दिवस दिले होते. तुमच्याकडे दोनच रात्री असतील तर त्यातली एक अख्खी रात्र शेवटच्या दीड मिनिटासाठी राखून ठेवा. आणि तालमी करा. क्रिस्टोफर नोलनने आपला पहिला चित्रपट ‘फॉलोइंग’ नोकरी करणाऱ्या मित्रांना घेऊन, शनिवार-रविवारी शूटिंग करत जवळपास वर्षभरात पूर्ण केला. खर्च सुमारे सहा हजार डॉलर. कच्ची फिल्म महाग होती, म्हणून आधी भरपूर तालमी आणि मग एक-दोन टेकमध्ये शॉट पुरा. फोनवर शूटिंग करणाऱ्यांना टेक फुकट पडतो, पण रात्र फुकट पडत नाही.

तांत्रिक बाबतींत मी थोडक्यात सांगते, कारण त्या कुठेही शिकता येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण फोन ३० फ्रेमवर आणि शटर १/६० वर असेल तर चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, त्रास वाचतो. भिंतीवरचं घड्याळ बंद करा किंवा काढून ठेवा, नाहीतर संवादाच्या मध्येच ते सव्वादहावरून पावणेबारावर जातं. दिवसाअखेर सगळं फुटेज दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड पुसू नका.

आवाजाकडे मात्र चित्राइतकंच लक्ष द्या. थ्रिलर कानांतून आत शिरतो. फ्रिजची घरघर शांत प्रसंगात भयंकर ऐकू येते, म्हणून तो बंद करावा लागतो. बंद करताना घराची किंवा गाडीची किल्ली त्यातच ठेवायची, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायला कुणी विसरत नाही. पंखा बंद, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत थांबायचं. शेवटी सगळ्यांनी मिनिटभर गप्प उभं राहून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. संकलनाच्या टेबलावर संवादांमधल्या फटी बुजवायला तीच उपयोगी पडते. मुलं या फटी पार्श्वसंगीताने बुजवतात, आणि तेही इंटरनेटवरून उचललेल्या, दुसऱ्याच्या हक्काच्या. अशी फिल्म पुढे महोत्सवाला पाठवता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे संगीत सतत वाजत राहिलं की प्रेक्षकाला आता घाबरायचंय हे आधीच कळतं आणि तो सावध होतो.

दुसऱ्या एका गटाच्या वाट्याला आलेला प्रसंग इथे नोंदवते, कारण तो कुणावरही येऊ शकतो. एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये रात्री पाठलागाचं शूटिंग चालू होतं. तोंडाला काळा रुमाल बांधलेला मुलगा हातात सुरी घेऊन धावतोय, पुढे मुलगी किंचाळतेय. कॅमेरा खांबाआड होता. वरच्या मजल्यावरच्या आजींनी जे दिसलं त्यावरून ११२ ला फोन लावायला सांगितला. आजींचं काहीही चुकलं नाही. पोलीस आले, मुलांना चौकीत नेलं, पालकांना बोलावलं. मध्यरात्रीनंतर सुटका झाली. ती रात्र गेली आणि ती जागाही हातची गेली. म्हणून कॉलेजचं पत्र, सोसायटीच्या सेक्रेटरींची लेखी परवानगी आणि पोलीस ठाण्यात आधी दिलेली माहिती, या तिन्ही गोष्टी फाईलमध्ये असल्याशिवाय मी शूटिंगला होकार देत नाही. सुरी पुठ्ठ्याची. खोटं पिस्तूल मोकळ्या जागेत अजिबात नाही. आणि गटातल्या एकाने काही न करता फक्त बाहेर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘शूटिंग आहे’ एवढंच सांगत राहायचं. हे काम कुणाला नको असतं, पण ते नेमून द्यावंच लागतं.

आता मूल्यमापन. अहवालाचे निम्मे मार्क मी याच भागाला देते. गट फिल्म करतो, मित्रांना दाखवतो, विचारतो, “कशी वाटली?” मित्र म्हणतात, “लय भारी.” अहवालात वाक्य येतं : प्रेक्षकांचा उत्तम प्रतिसाद मिळाला. यातून गट काहीच शिकलेला नसतो.

फिल्म अशा लोकांना दाखवा ज्यांना कथा माहीत नाही. एखाद्या काकू, कॅन्टीनवाले दादा, दुसऱ्या शाखेतली मुलं. दाखवण्यापूर्वी काहीही सांगू नका, ‘आवाज जरा कमी आहे’ असंसुद्धा नाही. स्वतः पडद्याच्या बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून बसा आणि वहीत वेळ टिपत जा : कुणी कधी फोनकडे पाहिलं, कुणी कधी पुढे सरकून बसलं. शरीर खोटं बोलत नाही, तोंड मात्र तुमचं मन राखायला बोलतं. अर्ध्यावर फिल्म थांबवा आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारा, “आता पुढे काय होईल असं वाटतंय? तुला कुणाचा संशय येतोय? तिने दार उघडायला हवं का?” ही उत्तरं त्यांनी एकमेकांशी बोलण्यापूर्वी लिहून घ्या, नाहीतर पहिल्याचं मत सगळ्यांचं होतं.

मग ही उत्तरं त्या तक्त्यातल्या तिसऱ्या रकान्याशेजारी मांडा. ठरवलेला गैरसमज झाला का, किती जणांचा, आणि ज्यांचा झाला नाही त्यांना सुगावा कुठून लागला? ‘संकलन प्रभावी झालं आहे’, ‘वेळ कमी पडला’ ही वाक्यं मी सरळ खोडते. ज्या वाक्यात फिल्ममधली वेळ, शॉट आणि प्रेक्षकाचं उत्तर नाही, ते वाक्य मूल्यमापन नव्हे. फिल्म एकदा आवाज पूर्ण बंद करून आणि एकदा डोळे मिटून नुसती ऐकायलाही मी सांगते. कुठला भार कशाने उचलला आहे ते लगेच समजतं.

त्या बेलच्या फिल्मच्या सुधारित अहवालात गटाने लिहिलं होतं : “तिसऱ्या बेलपाशी सातपैकी पाच जणांना डिलिव्हरीवाल्याचा संशय आला. दोघांना आला नाही, कारण त्याच्या पाठीवरची पार्सलची बॅग पूर्ण दिसत होती आणि तो प्रामाणिक वाटला. हा शॉट जिन्यातून न घेता आतून, दाराच्या भिंगातून घ्यायला हवा होता, म्हणजे बॅग दिसली नसती आणि चेहराही वेडावाकडा दिसला असता.” हे त्यांना कुणी लिहायला लावलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी तो शॉट तसा घेऊनही आणला.