आपली कथा आपल्या मुखाने

इतिहासात ज्यांना बोलूच दिले नाही, त्यांची कथा कोणी सांगावी? कॅनडातील आबेनाकी या आदिवासी समाजातील अलानिस ओबोमसाविन यांचे जीवन हेच या प्रश्नाचे उत्तर होय.

त्यांचा जन्म १९३२ सालचा. बालपणी ओडानाक या गावी वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्यांनी आपल्या लोकांच्या कथा व गीते ऐकली. नवव्या वर्षी शहरातील शाळेत गेल्यावर मात्र पाठ्यपुस्तकात आपले पूर्वज रानटी ठरविलेले त्यांना आढळले. सहाध्यायांचा मारही वाट्यास आला.

मोठेपणी त्या गायिका व कथाकथनकार झाल्या. १९६७ मध्ये राष्ट्रीय चित्रपट मंडळाने त्यांना सल्लागार म्हणून पाचारण केले. १९७१ च्या पहिल्या चित्रपटात त्यांनी मूस फॅक्टरी येथील वसतिशाळेतील मुलांची चित्रे आणि त्या मुलांचेच शब्द योजिले. १९९० साली दफनभूमीलगतच्या जमिनीसाठी मोहॉक लोकांचा लढा ७८ दिवस चालला. वेढ्याच्या आत राहून त्यांनी तो चित्रित केला. १९९३ च्या त्या चित्रपटाचे लेखन, दिग्दर्शन व सहनिर्मिती त्यांचीच.

कॅमेरा मांडण्यापूर्वी माणसाचे बोलणे निवांत ऐकून घ्यावे, ही त्यांची रीत. ज्या बालिकेचे कोणी ऐकले नाही, तिने इतरांचे ऐकणे हेच आपले व्रत मानले. आपणही कोणाविषयी लिहिण्याआधी त्याला बोलू द्यावे.