लहान कृषी सेवा केंद्राची अंतर्गत मांडणी

गावातील कृषी सेवा केंद्र पुष्कळदा १० फूट रुंद व १५ फूट लांब अशा एकाच गाळ्यात असते. तेवढ्या जागेत बियाणे, खते, कीटकनाशके, गल्ला आणि गिऱ्हाइकांची बैठक सामावून घ्यावी लागते. अशा ठिकाणी शोभेपेक्षा मालाची प्रत व माणसाचा जीव यांचा विचार प्रथम केला पाहिजे.

बियाणे : बियाणे सजीव असते, उष्णता व दमटपणा हे त्याचे शत्रू होत. बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने उतरला की त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा बीजशास्त्रातील ढोबळ नियम आहे. म्हणून पश्चिमेच्या उन्हाने तापणारी भिंत व पत्र्यालगतचा कप्पा बियाण्यास वर्ज्य समजावा. तणनाशक त्याच्या शेजारी कधीही ठेवू नये. काही तणनाशकांच्या वाफेनेही उगवणीस अपाय होतो.

खते : युरिया हवेतील ओल शोषून घेतो व त्याचे खडे बनतात. पोती जमिनीवर न टेकविता लाकडी फळ्यांवर रचावीत. थप्पी व भिंत यांत एक फूट अंतर सोडावे, म्हणजे हवा खेळती राहते. खतांचा शिल्लक साठा व दर यांचा फलक १९८५ च्या खत नियंत्रण आदेशान्वये दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे.

कीटकनाशके : १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार ही औषधे स्वतंत्र खोलीत, अथवा साठा अल्प असल्यास कुलूपबंद कपाटात ठेवावी लागतात. कपाट गल्ल्यामागे, मुलांचा हात पोहोचणार नाही असे असावे. भुकटी वरच्या व द्रवरूप औषधे खालच्या कप्प्यात ठेवावीत. बाटली गळाली तरी खालचा माल बिघडत नाही. जवळ कोरड्या वाळूची बादली असावी. सांडलेले औषध प्रथम वाळूत शोषून घ्यावे, पाण्याने धुऊन गटारात सोडू नये.

बैठक : गिऱ्हाइकांचे बाक दाराजवळ, मोकळ्या हवेत ठेवावे. चहाचे पेले, पाण्याचा माठ व जेवणाचा डबा यांना औषधांच्या कपाटाजवळ थारा देऊ नये. विषाचा हात चहाच्या पेल्यास लागणे ही क्षुल्लक चूक नव्हे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी गावातील प्रत्येक केंद्रास भेट देऊन या बाबी दुकानदारासमवेत पाहाव्यात. या फेरबदलास खर्च थोडा लागतो; परंतु त्यामुळे बियाण्याची उगवण टिकते, खत वाया जात नाही आणि अपघात टळतो.