दंतरोपण आणि सार्वजनिक आरोग्य

पडलेल्या वा काढलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा लहानसा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात उभारण्याच्या उपचारास दंतरोपण किंवा प्रचलित भाषेत ‘इम्प्लांट’ म्हणतात. ‘दंतप्रत्यारोपण’ असाही शब्द वाचनात येतो. तो काटेकोर नव्हे. प्रत्यारोपणात जिवंत अवयव एका जागेहून दुसऱ्या जागी बसविला जातो. इम्प्लांट ही निर्जीव धातूची वस्तू असते आणि जिवंत हाड तिला आपलीशी करते, हेच या उपचाराचे वैशिष्ट्य आहे.

हा शोध दंतवैद्यकात लागलेला नाही. स्वीडनमधील लुंड येथे १९५२ च्या सुमारास पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. निरीक्षणासाठी हाडात बसविलेले टायटॅनियमचे महागडे साधन प्रयोगानंतर परत काढण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते निघेना. हाड धातूला घट्ट जुळले होते. या जुळणीला पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव मिळाले. मराठीत तिला अस्थिसंलग्नता म्हणता येईल. १९६५ मध्ये ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. तरीही व्यापक मान्यता मिळण्यासाठी १९८२ ची टोरांटो येथील परिषद उजाडावी लागली.

टायटॅनियमच का, याचे उत्तर त्याच्या पृष्ठभागात आहे. हवेशी संपर्क येताच या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. त्यामुळे तो शरीरातील द्रवांत गंजत नाही आणि हाडाच्या पेशी त्याला चिकटून वाढू शकतात. शस्त्रक्रियेत मात्र हाडाला जपावे लागते. छिद्र पाडताना तापमान ४७ अंश सेल्सियसच्या वर जाऊन मिनिटभर टिकले, तरी हाडाच्या पेशींना इजा होते. म्हणून ड्रिल हळू चालवितात आणि त्यावर थंड सलाइनची धार सोडतात. नंतर हाड जुळण्याची वाट पाहावी लागते. रूढ पद्धतीनुसार खालच्या जबड्यात हा काळ सुमारे ३ महिने, तर वरच्या जबड्याचे हाड अधिक सच्छिद्र असल्याने तेथे सुमारे ६ महिने असतो.

दात गेल्याने नुकसान केवळ दिसण्याचे होते, हा समज दूर करणे आवश्यक आहे. चावताना पडणारा दाब दाताच्या मुळावाटे हाडापर्यंत पोहोचतो व त्यामुळे हाड टिकून राहते. मूळ नाहीसे झाले की हाड झिजू लागते. पहिल्या वर्षातील झीज सर्वाधिक असते. कवळी हिरडीवर नुसती टेकलेली असल्याने ही झीज थांबवू शकत नाही. काही वर्षांनी खालची कवळी सैल होऊन जिभेच्या हालचालीबरोबर उचलली जाते. मग भाकरी, शेंगदाणे, कच्च्या भाज्या, पेरू हे पदार्थ ताटातून एकेक करून बाद होतात व आहार मऊ भातावर येतो. वृद्धांच्या पोषणाचा विचार करताना ही बाब क्वचितच नोंदविली जाते. ब्रिज या दुसऱ्या पर्यायात आधारासाठी शेजारचे निरोगी दात कोरावे लागतात, हा त्याचा दोष होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मौखिक आरोग्यविषयक अहवालानुसार जगातील २० वर्षांवरील सुमारे ७ टक्के व ६० वर्षांवरील सुमारे २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही दात नाही. दात जाण्याची मुख्य कारणे म्हणजे दात किडणे व हिरड्यांचे विकार. भारतात त्यांना तंबाखूची जोड आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातील २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. सुपारी-गुटख्यामुळे ज्यांचे तोंड पुरेसे उघडत नाही, त्यांच्या जबड्यापर्यंत ड्रिल पोहोचविणेही कठीण होते. अनियंत्रित मधुमेह व धूम्रपान यांमुळे हाड जुळण्यात अडथळा येतो. म्हणजे ज्यांना दातांची गरज अधिक, त्यांतील अनेकांच्या बाबतीत हा उपचारही अधिक जोखमीचा असतो.

जोखमीहून मोठा अडसर खर्चाचा आहे. खासगी दवाखान्यात एकाच इम्प्लांटचा खर्च काही हजारांत जातो, तर पूर्ण जबड्याचा लाखांत. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. परंतु ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे आणि दातांचे बहुतेक उपचार बाह्यरुग्ण स्वरूपाचे असतात. २०१७ मध्ये हृदयातील स्टेंट व कृत्रिम गुडघा यांच्या कमाल किमती ठरविण्यात आल्या, त्या आदेशांत दंत-इम्प्लांटचा समावेश नव्हता. २०१४ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमाचा भर प्रतिबंध व जिल्हा पातळीपर्यंतच्या दंतसेवेवर आहे. तो योग्यच आहे, कारण वेळेवर भरलेली कीड कोणत्याही इम्प्लांटपेक्षा स्वस्त पडते. तथापि ज्यांचे दात आधीच गेले आहेत, त्यांना प्रतिबंधाचा उपयोग नाही.

या बाबतीत काही राज्यांनी पुढाकार घेतला. कर्नाटकातील ‘दंत भाग्य’ आणि केरळातील ‘मंदहासम’ या योजनांतून दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना मोफत कवळ्या देण्यात आल्या. पुढचा टप्पा कोणता असू शकतो, हे कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या सहमतीतून दिसते. दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर अडकविलेली कवळी हा पहिल्या पसंतीचा उपचार असावा, असे त्यात म्हटले आहे. संपूर्ण जबड्यात स्थिर दात बसविण्याच्या मानाने हा मार्ग बराच स्वस्त आहे. सरकारी दंत महाविद्यालयांच्या आवाक्यातील दंतरोपण म्हणजे प्रामुख्याने हेच.

किंमत उतरण्यासाठी देशी उत्पादन हा दुसरा मार्ग. केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनारी वाळूत टायटॅनियमचे खनिज इल्मेनाइट विपुल आहे. केरळातील चवरा येथे २०११ मध्ये टायटॅनियम स्पंजचा प्रकल्प सुरू झाला. त्यामागील मुख्य प्रेरणा अंतराळ कार्यक्रमाची होती. इम्प्लांटमधील धातूचे वजन नगण्य असते. खर्च होतो तो सूक्ष्म यंत्रकाम, पृष्ठभागावरील प्रक्रिया व चाचण्या यांवर. म्हणून दिल्लीची मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था व आयआयटी यांनी सीएसआयआरच्या साहाय्याने विकसित केलेले स्वदेशी इम्प्लांट महत्त्वाचे ठरते. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याने ‘औषध’ या व्याख्येत आल्याने दर्जाच्या नियमनालाही आधार मिळाला आहे.

योग्य निवड व निगा असल्यास दहा वर्षांनंतरही दहांपैकी नऊहून अधिक इम्प्लांट टिकून असतात. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालच्या हिरडीला व हाडाला जंतुसंसर्ग होतो आणि तो पुष्कळदा वेदनेविना वाढतो. त्यामुळे नियमित तपासणी टाळता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना येथे आणखी एक अडचण येते. एका कंपनीच्या इम्प्लांटचे सुटे भाग सहसा दुसऱ्या कंपनीच्या इम्प्लांटला बसत नाहीत. बिहारमध्ये बसविलेला स्क्रू सुरतेत सैल झाला, तर तेथील दंतवैद्याला त्याची कंपनी, व्यास व लांबी कळणे आवश्यक असते. ही माहिती उपचाराच्या वेळीच लेखी घेऊन ठेवावी लागते.